दुष्काळ संपवणारा कायदा

१९६३ साली महाराष्ट्रातला दुष्काळ कायद्याने संपला. विधिमंडळाने एक छोटासा कायदा मंजूर केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द वगळावा आणि त्याच्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द घालावा, एवढंच त्याचं काम. कारण प्रस्तावनेत दिलेलं होतं: शेतीच्या परिस्थितीवर सरकारचं सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, त्यामुळे दुष्काळ पडायला आता वावच उरलेला नाही.

नऊ वर्षांनी, १९७२ मध्ये, पावसाने पाठ फिरवली. विहिरींनी तळ गाठला, जनावरं मातीमोल भावाने विकली गेली, बायका-पोरांसह अख्खी गावं रस्त्याच्या कडेला खडी फोडायला बसली. लोक त्या वर्षाला आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात. सरकारी फायलींत मात्र ती टंचाई होती.

शिरूर तालुक्यातलं निमोणे हे घोड नदीच्या खोऱ्यातलं गाव. सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याला, वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तेच ढग पुणं ओलांडून शिरूर-दौंडच्या माळावर पोचेपर्यंत रिते झालेले असतात. इथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तरी साल बरं गेलं म्हणायचं. बाजरी, मटकी, हुलगा आणि परतीच्या पावसावर हवाला ठेवून पेरलेली रब्बीची ज्वारी, हे इथलं जुनं पीकपाणी. अशा मुलखातल्या माणसाला दुष्काळ पडल्याची बातमी कुणी द्यावी लागत नाही. मग संकटाच्या काळात सरकार इथे लोकांपासून काय लपवतं? आटलेली विहीर लपवता येत नाही. लपवता येतं ते तिच्यामुळे सरकारवर येणारं देणं. अमुक गावांत इतकं पीक बुडालं असं सरकारने एकदा कागदावर मान्य केलं, की सारा थांबवावा लागतो, कामं काढावी लागतात, मजुरी द्यावी लागते. दीडशे वर्षांत या पट्ट्यात जी ओढाताण झाली ती या कबुलीवरून.

कागदाचं महत्त्व शिरूरच्या शेतकऱ्याला फार लवकर कळलं होतं. निमोण्याजवळच्या करडे गावात १८७४ च्या अखेरीस कालुराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घरादारावर हक्क सांगितला. गाव एकवटलं आणि त्याने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची शेतं कुणी कसायची नाहीत, त्यांच्या घरी पाणी कुणी भरायचं नाही. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी दंगल पेटली आणि ती शिरूरपर्यंत पसरली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावात माणसं फारशी मारली गेली नाहीत. जमाव मागत होता कर्जरोखे आणि खतं. हाती आलेला कागद जागच्या जागी जाळला जात होता.

दंग्यांची चौकशी चालू असतानाच, १८७६ मध्ये, पाऊस फसला. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांना त्याचा सर्वांत मोठा फटका बसला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपलना पाठवलं. टेंपल यांची निवडच बोलकी होती. दोनच वर्षांपूर्वी बंगाल-बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली होती आणि उधळपट्टी केली म्हणून बोलणी खाल्ली होती. या वेळी काटकसर करा, असं त्यांना बजावलेलं होतं. १८७७ च्या आरंभी दौरा करून त्यांनी ठरवलं, की कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा पुरे. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या ‘टेंपल मजुरी’वर जाहीर आक्षेप घेतला, एवढ्यात कष्टकरी माणसाचं शरीर टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी टेंपल मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

सरकारकडे माहिती नव्हती असं नाही. मामलेदारांचे अहवाल वर जात होते. पण वरून जी माहिती हवी होती तीच खालून येऊ लागते, हा कारभाराचा जुना रोग आहे. तो ओळखून पुणे सार्वजनिक सभेने स्वतःची यंत्रणा उभारली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्या पाठीशी न्यायमूर्ती रानडे यांची बुद्धी. सभेचे कार्यकर्ते तालुक्या-तालुक्यांत फिरले. कुठे पीक किती आणे आलं, धान्याचा भाव काय, किती लोक गाव सोडून गेले, कामावर काय मिळतं, असा तपशील त्यांनी गोळा केला आणि दुष्काळाचे वृत्तांत म्हणून सरकारकडे धाडला. सरकारी आकड्यांशेजारी दुसरे आकडे येऊन बसले. मजुरी घटवल्यावर आणि लोकांना घरापासून लांबच्या मोठ्या कामांवर हलवायचं ठरल्यावर दख्खनमध्ये हजारो मजूर काम टाकून निघून गेले. उपाशी माणसांनी मजुरी नाकारावी हे अधिकाऱ्यांना बंडासारखं वाटलं. सभेने त्यांची बाजू मांडली.

माहिती आणखी एका वाटेनेही येत होती. २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नरजवळच्या ओतूरहून सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात दुष्काळाची दशा आहे, सावकार आणि गावकरी यांच्यातला संघर्ष आहे आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांवर झालेली कारवाईही आहे. हे पत्र सरकारी दफ्तरासाठी लिहिलेलं नव्हतं. सत्यशोधकांनी धनकवडीला अनाथ मुलांसाठी ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ काढला, त्यामागे ओतूरसारख्या गावांतून कळलेली हीच हकीकत होती.

या दुष्काळाने दौंडच्या माणसाला एक गोष्ट कायमची दिली. दौंड-मनमाड लोहमार्गाचं मातीकाम दुष्काळी मजुरांनी केलं आणि १८७८ मध्ये गाडी धावू लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा कायदा आणला. इंग्रजी पत्रांना मोकळीक होती. मराठी, बंगाली, हिंदी पत्राने सरकारविरुद्ध असंतोष पसरवल्याचं ठरलं तर छापखाना जप्त. दुष्काळ आणि अफगाण प्रकरण, दोन्हींवरची टीका सरकारला झोंबत होती. दख्खनातला शेतकरी वाचू-ऐकू शकेल अशीच भाषा या कायद्याने हेरून गाठली.

बोलायची वाट बंद झाली की काय होतं ते शिरूरनेच पाहिलं. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला दरोडा घातला. लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केलेला हा माणूस दुष्काळ डोळ्यांनी पाहून पेटला होता. मे महिन्यात त्याने जाहीरनामा काढून थेट सरकारकडेच पाठवला. लोकांना काम द्या, कर कमी करा, अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कापा, नाहीतर परिणामांना तयार राहा. सार्वजनिक सभेच्या अर्जांमधल्या कित्येक मागण्या या जाहीरनाम्यातही होत्या, फक्त आता त्यांच्यासोबत बंदूक होती.

पण साम्राज्याने या सगळ्यातून एक धडा घेतला. त्याआधी, १८६६ साली, ओडिशात सुमारे दहा लाख माणसं मेली होती. तिथे जाऊन आलेल्या लेफ्टनंट गव्हर्नर बीडनने संकटाचा आवाका मान्यच केला नव्हता. १८७६-७८ चे मृत्यू त्याच्याही पुढे गेले. रिचर्ड स्ट्रेची यांच्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून दुष्काळ संहिता तयार झाल्या. कोणती लक्षणं दिसली की सावध व्हायचं, कामं कधी काढायची, मजुरी किती, काम न झेपणाऱ्यांना काय द्यायचं, साऱ्याला स्थगिती कधी, हे सगळं कलमवार लिहिलं गेलं. या व्यवस्थेत एक खोच होती. संहिता अधिकाऱ्यांसाठी होती, इंग्रजीत होती, आणि ज्याच्यासाठी ती लिहिली त्या कुणब्याला ती आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

१८९६ मध्ये ही खोच उघडी पडली. त्या वर्षी महाराष्ट्रावर दोन संकटं एकदम आली, आणि दोन्हींत सरकारची जीभ अडखळली. सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखून तसं सांगितलं. महापालिकेचे आरोग्य अधिकारी मात्र काही काळ गाठींचा ताप अशा सौम्य शब्दांवर भागवत होते. त्यांची अडचण उघड होती. ‘प्लेग’ म्हटलं की युरोपातली बंदरं मुंबईच्या जहाजांना अडवणार आणि व्यापार बसणार. पुढच्याच वर्षी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, ती याच प्रश्नावर.

दुसरं संकट पावसाचं. सार्वजनिक सभा तोवर टिळकांच्या हाती आली होती. त्यांनी ‘केसरी’तून दुष्काळ संहितेतली कलमं समजावून द्यायला सुरुवात केली आणि सभेने मराठीत पत्रकं काढून ती हजारोंनी वाटली. सभेचे तरुण कार्यकर्ते गावोगाव जाऊन सांगत होते, की अमुक इतकं पीक बुडालं तर सारा भरायला जनावरं विकू नका. तहकुबीची तरतूद खुद्द सरकारच्याच नियमांत आहे. यात राजद्रोह शोधायचा म्हटलं तर तो सरकारी मुद्रणालयातच शोधावा लागला असता. तरी अधिकारी बिथरले. काही कार्यकर्त्यांवर खटले झाले. १८९७ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केलं, की सार्वजनिक धोरणाबद्दल सरकारला लिहिण्याचा सभेचा हक्क यापुढे मानला जाणार नाही. दोन दशकांपूर्वी जिचे वृत्तांत सरकार वाचत होतं त्या संस्थेची पत्रं आता घेतलीच जाणार नव्हती.

सरकारच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखं होतं, आणि ते सगळंच खोटं नव्हतं. दुष्काळ जाहीर झाला की वाणी धान्य दाबून ठेवतो, भाव चढतात, आणि जो अजून विकत घेऊन खाऊ शकत होता तोही हात पसरायला लागतो. प्लेगचं नाव निघताच मुंबईतून लाखो लोक पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही पसरला. घबराट ही प्रशासनाची खरी डोकेदुखी आहे. फरक एवढाच, की भावाची बातमी व्यापाऱ्याला तारेने आधीच कळलेली असायची. अंधारात राहायचा तो शेतकरी.

कबुली टाळण्याचं सर्वांत भयंकर उदाहरण बंगालचं आहे. १९४३ मध्ये तिथे लाखो माणसं मेली, पण दुष्काळ संहितेखाली दुष्काळ शेवटपर्यंत जाहीर झाला नाही. हंगामी गव्हर्नर रदरफर्ड यांनी व्हाइसरॉयला कारण कळवलं होतं: संहिता लागू केली तर तिच्यात ठरलेलं धान्य द्यावं लागेल, आणि तेवढं धान्य आमच्याकडे नाही. युद्धाच्या नावाखाली बातम्यांवर दाब होता. ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्टला रस्त्यावर पडलेल्या माणसांची छायाचित्रं छापली, तेव्हा दिल्ली-लंडनला नजर फिरवणं अवघड झालं. पुढे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं, की मोकळी वृत्तपत्रं आणि निवडणुका असलेल्या देशांत मोठे दुष्काळबळी होत नाहीत. उलट १९५८ ते १९६१ या काळात चीनमध्ये खालून फुगवलेले पिकाचे आकडे वर जात राहिले आणि कोट्यवधी माणसं मेली.

या पार्श्वभूमीवर १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा वाचला, की त्यामागचा अभिमान कळतो आणि धोकाही. स्वतंत्र राज्याला इंग्रजांच्या काळातला तो काळा शब्द नको होता. आमच्या राज्यात कुणी उपाशी मरणार नाही, ही प्रतिज्ञा त्यात होती. पण प्रतिज्ञा कायद्याची प्रस्तावना बनली की ती पाळली गेली का, हे विचारायची सोय कमी होते.

बहात्तरला मात्र कायद्याने कुणाचं तोंड बंद झालं नाही. गावोगाव मोर्चे निघाले, मजुरांनी तहसील कचेऱ्यांना घेराव घातले, विरोधी आमदारांनी सभागृह गाजवलं, वर्तमानपत्रांनी रोज छापलं. वसंतराव नाईक सरकारने प्रचंड प्रमाणावर कामं काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये या कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, कामावर सुकडी वाटली जायची. ती चव म्हातारी माणसं अजून तोंड वाकडं करून सांगतात. १८७७ च्या तुलनेत माणसं जगली, ती या गलक्यामुळेच. यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९७७ मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क देशात प्रथम महाराष्ट्राने दिला.

हक्क आला तसा नवा कागदही आला: मस्टर, म्हणजे हजेरीपट. कोण कामावर होतं, किती दिवस, किती पैसे घेतले, हे त्यात लिहिलेलं. खोटी नावं आणि खोटे अंगठे हा दुष्काळी कामांचा जुना आजार होता आणि हजेरीपट साहेबाच्या कपाटात बंद असायचा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाई भरवून हजेरीपट मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मेलेल्या माणसांची हजेरी लागलेली निघाली. माहितीच्या अधिकाराची देशव्यापी मागणी तिथून वाढली. महाराष्ट्रात तिने घोड नदीपलीकडच्या पारनेर तालुक्यातून जोर धरला. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २००३ च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं आणि राज्याचा माहिती अधिकार कायदा अमलात आला. दोन वर्षांनी केंद्राचा आला. हजेरीपट, टँकरच्या खेपा, चारा छावणीची बिलं असे दुष्काळाचे हिशेब आता अर्ज करून मागता येतात.

दुष्काळ जाहीर होण्याची प्रक्रिया मात्र बरीच वर्षं पैसेवारीवर चालली. गावाच्या शिवारात पीककापणीचे प्रयोग करायचे, चांगल्या वर्षाच्या तुलनेत पीक किती पैसे आलं ते काढायचं. सप्टेंबरमध्ये नजरअंदाज, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेलं तर साऱ्यात सूट, पंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, कर्जाची फेरमांडणी. हा एकावन्न आणि एकोणपन्नास यांमधला फरक ठरायचा तलाठी-तहसीलदारांच्या पातळीवर, आणि गावात त्यावरून दरवर्षी रण माजायचं.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने १४,७०८ गावांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. दुष्काळ असेल तर तसं स्पष्ट का म्हणत नाही, असा प्रश्न पुढे आला. मे २०१६ मध्ये सरकारने न्यायालयाला सांगितलं, की २९ हजारांहून अधिक गावांत दुष्काळ आहे आणि आधीच्या आदेशांतला ‘सदृश’ गाळून वाचावं. त्याच महिन्यात स्वराज अभियानच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बिहार, गुजरात आणि हरयाणा या राज्यांना दुष्काळ मान्य करायला चालढकल केल्याबद्दल फटकारलं.

त्यानंतर केंद्राची नवी नियमावली आली. आता पावसातली तूट, पावसातला खंड, उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा, जमिनीतला ओलावा, भूजल, असे निर्देशांक एकापाठोपाठ एक तपासले जातात आणि तालुका हा घटक धरून निर्णय होतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने या पद्धतीने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुणे जिल्ह्यातून त्यात पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड आणि शिरूर-घोडनदी आले. म्हणजे निमोणे यादीत आलं. घोड ओलांडली की नगर जिल्हा लागतो, आणि त्या जिल्ह्यातला एकही तालुका त्या ४० मध्ये नव्हता. ओरड झाल्यावर दहा दिवसांनी आणखी १,०२१ महसुली मंडळं घोषित झाली, त्यांत नगरची मंडळं होती. त्यांच्यासाठी आदेशात शब्द होता, दुष्काळसदृश.